औशाच्या किल्ल्याशी नाव जोडलेला एक टीम लीडर : मलिक अंबर



आज नवा फोन नाही, सेटिंग नाही, ट्रिकही नाही. आज एका माणसाची गोष्ट सांगणार आहे. त्याला जाऊन जवळपास ४०० वर्षं झाली. पण टीममध्ये काम करणाऱ्या प्रत्येकाने ती एकदा तरी वाचावी असं मला वाटतं. का वाटतं तेही सांगतो, आणि त्यात माझी थोडी लाज निघणार आहे.

आधी एक काम करा. मॅप उघडा, औसा शोधा आणि सॅटेलाइट व्ह्यू लावा. लातूरपासून साधारण २० किलोमीटरवर गावाला लागून दुहेरी तट आणि भोवती खंदक असलेला किल्ला दिसेल. तो माझ्या गावचा किल्ला. शाळा सुटली की आम्ही पोरं तिकडेच पळायचो. भुईकोट किल्ला आहे आणि तोही खोलगट जागेत बांधलाय. त्यामुळे गंमत अशी होते की वरच्या बुरुजावर उभं राहिलं की लांबून येणारा माणूस आपल्याला दिसतो, पण त्याला किल्ल्याचा बराचसा भाग दिसतच नाही. लहानपणी हे आम्हाला लपाछपीसाठी सोयीचं वाटायचं. या किल्ल्याला कधी काळी अंबरापूर म्हणत, हे मला फार उशिरा कळलं. अंबर म्हणजे मलिक अंबर.

आता माझी गोष्ट. पुण्यात आमची पाच जणांची टीम आहे, मी लीड. आम्ही शेतमालाचे भाव दाखवणारं एक ॲप बनवत होतो. जुन्या, २ जीबी रॅमच्या फोनवर ते उघडलं की बंद पडायचं. आमच्यातला देगलूरचा एक पोरगा तीन आठवडे त्याच्यामागे लागला. भाजीवाले, रिक्षावाले, गावाकडचे नातेवाईक, ज्यांच्याकडे मिळतील त्यांच्याकडून जुने फोन मागून आणायचा आणि रात्री त्यावर ॲप चालवून बघायचा. शेवटी सापडलं. मालाचे फोटो पूर्ण आकारात मेमरीत चढत होते, स्क्रीनवर मात्र ते बोटाच्या पेराएवढे दिसत होते. त्याने ते छोटे करून चढवले आणि ॲप पळायला लागलं. पुढच्या आठवड्यात क्लायंटसमोर डेमो मी दिला. हे कसं सुटलं ते मी सांगितलं, कुणी सोडवलं ते सांगितलं नाही. टाळ्या मला मिळाल्या, अभिनंदनाच्या मेलमध्ये नाव माझं आलं. तो खोलीतच बसला होता, काही बोलला नाही.

त्यानंतर तो सांगितलं तेवढंच काम करायला लागला. सहा वाजले की लॅपटॉप बंद. दोन महिन्यांनी राजीनामा. मी सगळ्यांना सांगत फिरलो की आजकालच्या पोरांना टिकायचंच नसतं. दिवाळीला औशाला आलो, किल्ल्यावर गेलो, आणि मलिक अंबर कोण होता ते फोनवर वाचायला बसलो. मग घरी येऊन पुस्तकं काढली.

अंबरचा जन्म १५४८ च्या सुमाराचा, आफ्रिकेतल्या इथिओपियातला. मूळ नाव चापू. लहान वयातच तो गुलाम म्हणून विकला गेला. एका बाजारातून दुसऱ्या, असं करत बगदादला पोचला. तिथल्या मालकाने त्याला लिहायला, हिशेब करायला, कारभार बघायला शिकवलं आणि अंबर हे नाव दिलं. १५७० च्या दशकात तो दख्खनमध्ये आणला गेला. अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगेज खान याने त्याला विकत घेतलं. हा चंगेज खान मंगोल नव्हे बरं का! हाही हबशीच होता आणि हाही एके काळी गुलामच होता. म्हणजे अंबरला कामाला ठेवणारा माणूस स्वतः त्याच जागेवरून वर आलेला. वर जायचा जिना आहे, हे अंबरला डोळ्यांसमोर दिसत होतं. मला वाटतं, त्याच्या पुढच्या आयुष्यातल्या अर्ध्या गोष्टी इथेच ठरल्या.

चंगेज खान वारला आणि त्याच्या विधवेने अंबरला मोकळं केलं. मग बरीच वर्षं तो भाडोत्री शिपाई म्हणून फिरला. काही काळ विजापूरकरांकडे होता, मलिक ही पदवी त्याला तिथलीच. १५९५ च्या सुमारास अहमदनगरला परत आला तेव्हा त्याच्या हाताखाली फक्त १५० स्वार होते. वय सत्तेचाळीसच्या आसपास. आपल्याकडे तिशी ओलांडली की लोक स्वतःला म्हातारं समजतात, म्हणून सांगितलं.

१६०० साली अकबराच्या फौजेने अहमदनगरचा किल्ला घेतला आणि निजामशाही जवळजवळ संपली. राजा कैदेत, राजधानी गेली, सरदार पांगले. इथे अंबर पुढे आला. राजघराण्यातला एक वारस शोधून त्याला परांड्याच्या किल्ल्यात गादीवर बसवलं. परांडा म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातला, औशापासून फार लांब नाही. आणि औसा? फिरिश्ता नावाच्या त्याच काळातल्या इतिहासकाराने लिहून ठेवलंय की अंबर आणि त्याचा प्रतिस्पर्धी राजू यांनी मुलूख आपसात वाटून घेतला, आणि राजाच्या खर्चाला औशाचा किल्ला आणि थोडी गावं ठेवली. म्हणजे एका आख्ख्या राज्याच्या राजाचा पगार आमच्या गावातून निघत होता! पुढे राजूलाही अंबरने बाजूला सारलं.

तो संत होता असं समजू नका. ज्याला गादीवर बसवलं त्याला त्याने आपली मुलगी दिली, आणि त्याच निजामशहाच्या १६१० च्या सुमारास झालेल्या विषप्रयोगामागे अंबरच होता असं मानतात. पण मला त्याच्या कारभारातली एक गोष्ट बघायची होती. समोर मोगल. त्यांच्याकडे तोफा, हत्ती, पैसा, दिल्ली-आग्र्याचा खजिना. आणि याच्याकडे मोडलेलं राज्य. तरी २६ वर्षं याने त्यांना दख्खनमध्ये नीट पाय रोवू दिले नाहीत. कशाच्या जोरावर?

माणसांच्या. त्याच्या फौजेत हबशी होते, दख्खनी मुसलमान होते आणि फार मोठ्या संख्येने मराठे होते. त्यांची भाषा वेगळी, देव वेगळा, जेवण वेगळं. अंबरने सगळ्यांना एकाच साच्यात घालायचा प्रयत्न केला नाही. मराठा स्वाराचं घोडं हलकं, सामान कमी, मुलुखातला डोंगर, घाट, ओढा त्याला पाठ. मग त्याच्याकडून तेच काम घ्यायचं. मोगलांची रसद तोडायची, चारा जाळायचा, रात्री छावणीवर पडायचं, समोरासमोर लढायला आले की गायब. याला बारगीरगिरी म्हणत, नंतर गनिमी कावा म्हणून आपण ओळखतो तीच ही जात. शहाजीराजांचे वडील मालोजी भोसले आणि चुलते विठोजी निजामशाहीत होते. शहाजीराजे तरुणपणी याच फौजेत लढाई शिकले.

१६१० च्या सुमारास अंबरने खडकी नावाच्या गावाचं शहर केलं. आज तेच छत्रपती संभाजीनगर. आणि तिथे त्याने केलेलं एक काम मला सगळ्यात जास्त आवडतं. त्यावर जरा थांबतो, कारण ते अस्सल टेक्नॉलॉजीचं काम आहे.

२०१६ चा उन्हाळा आठवतोय का? लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं होतं. पहिल्या गाडीत सुमारे ५ लाख लिटर. आमच्याकडचा माणूस पाण्याबद्दल बोलताना अजून त्या गाडीचं नाव काढतो. खडकीलाही हाच प्रश्न होता. वस्ती वाढवायची तर पाणी कुठून आणायचं? अंबरने शहराच्या उत्तरेकडच्या डोंगरांच्या पायथ्याचं जमिनीतलं पाणी भुयारातून शहरात आणलं. हीच नहर-ए-अंबरी. पंप नाही, वीज नाही, मोट नाही. पाणी स्वतःच्या उताराने चालत येतं.

वाचायला सोपं, करायला महाकठीण. उतार जास्त झाला तर पाणी जोरात धावून बांधकाम झिजवतं. उतार कमी झाला तर गाळ बसतो आणि पाणी थांबतं. अशी भुयारी नहर खोदायची साधारण रीत बघा. ओळीने विहिरीसारखे खड्डे खणतात. मग एका खड्ड्यातली टोळी पुढे आणि पुढच्या खड्ड्यातली टोळी मागे अशी समोरासमोर खणत येते आणि जमिनीखाली, अंधारात, दोघांची गाठ पडते. तेच खड्डे नंतर हवेसाठी आणि सफाईसाठी कामाला येतात. आता समजा एका टोळीने पाणसळ नीट धरली नाही आणि तळ दोन वीत वर गेला. त्या टोळीच्या जागी काही बिघडलेलं दिसणार नाही. पाणी अडणार मागे आणि कोरडा पडणार तो पुढचा हौद, जिथे त्यांच्यातलं कुणी कधी जाणारही नाही. आमच्या कोडचंही तंतोतंत असंच असतं. चूक एकाच्या फाइलमध्ये, ॲप बंद पडतं तिसऱ्याच्या फोनवर. म्हणून अशा कामात वरवरचं चालत नाही. अंधारात, कुणी बघत नसताना, शेवटच्या माणसानेही जीव ओतून खणावं लागतं. आणि कुणी बघत नसताना माणूस जीव कधी ओततो? आपण खणलेलं आपल्या नावावर लागणार असेल तेव्हा. निदान माझा तरी हा अनुभव आहे, उलट्या बाजूने.

नहर पुढे शतकानुशतकं शहराला पाणी देत राहिली. जाता जाता, पर्यटक जी पाणचक्की बघतात ती अंबरची नव्हे, ती अठराव्या शतकातली. व्हॉट्सॲपवर दोन्ही एकत्र करून फिरवतात.

महसुलातही त्याने असंच केलं. आधी सारा गोळा करायचा मक्ता दिला जायचा. मक्तेदार शेतकऱ्याला पिळायचा, कारण जास्त काढलं ते त्याचं. अंबरने मक्ते बंद केले, जमिनीची प्रत बघून सारा ठरवला आणि गावच्या पाटलाचं वजन परत आणलं. आपल्या हिश्शात किती राहणार हे शेतकऱ्याला पेरायच्या आधी कळायला लागलं. ही पद्धत इतकी चांगली चालली की पुढे शिवकाळातही तिचा आधार घेतला गेला.

जहांगीर बादशहाला हा माणूस इतका खुपत होता की १६१६ च्या सुमारास त्याच्या दरबारी चित्रकाराने, अबुल हसनने, एक चित्र काढलं. त्यात जहांगीर पृथ्वीच्या गोलावर उभा राहून भाल्यावर लावलेल्या अंबरच्या मुंडक्याला बाण मारतोय. आज ते चित्र डब्लिनला आहे. नेटवर सहज सापडतं, बघा. प्रत्यक्षात जहांगीरला ते मुंडकं कधीच मिळालं नाही.

पण त्याच वर्षी अंबरचा सणसणीत पराभव झाला, आणि तो बाहेरच्यांमुळे झाला असं मला म्हणवत नाही. त्याचे काही हबशी आणि मराठे सरदार त्याच्याशी बिनसून बाळापूरला गेले आणि मोगल सेनापती शाहनवाज खानाला मिळाले. अंबरची चाल, त्याच्या वाटा, सगळं त्यांना ठाऊक. आजच्या जालना जिल्ह्यातल्या रोषणगावजवळ लढाई झाली, अंबर हरला आणि मोगलांनी खडकी उद्ध्वस्त केली. त्याने ती पुन्हा उभी केली. माणसंही पुन्हा जमवली. हे मला खरंच थोर वाटतं. वय तेव्हा अडुसष्टच्या घरात होतं!

मग आलं १६२४. एका बाजूला मोगल आणि विजापूरकर एकत्र, दुसऱ्या बाजूला एकटा अंबर. अहमदनगरजवळ भातवडी गावाला गाठ पडली. पावसाने चिखल झालेला. अंबरने तिथल्या तलावाचा बांध फोडला आणि पाणी शत्रूच्या छावणीत सोडलं. ज्याने खडकीला पाणी कसं आणायचं ते जाणलं, त्याला ते कुणाच्या अंगावर कसं सोडायचं हेही ठाऊक असणारच. छावणी चिखलात रुतली, रसद तुटली, शिपाई वैतागून पळायला लागले, आणि मग मराठा आणि हबशी स्वार तुटून पडले. विजापूरचा सेनापती मुल्ला मुहंमद मारला गेला. या लढाईत शहाजीराजे अंबरच्या बाजूने जिवावर उदार होऊन लढले. त्यांचे सख्खे भाऊ शरीफजी इथेच पडले. समोरच्या बाजूला शहाजीराजांचे सासरे, लखुजी जाधवराव होते. म्हणजे या माणसाने त्या दिवशी काय काय पणाला लावलं होतं ते बघा. भाऊ गेला, सासर समोर, तरी मागे हटले नाहीत. टीमसाठी यापेक्षा जास्त कुणी काय द्यायचं?

आणि पुढच्याच वर्षी, १६२५ ला, शहाजीराजे निजामशाही सोडून विजापूरकरांकडे गेले. ज्यांना नुकतंच हरवलं, त्यांच्याकडेच!

कारणं एकाहून जास्त दिली जातात. भोसल्यांच्या घरातली भाऊबंदकी, विजयानंतर मान आणि जहागिरी यांची वाटणी, वाढत चाललेल्या शहाजीराजांची अंबरला वाटायला लागलेली धास्ती. कुठलं किती खरं यावर अभ्यासक भांडत बसोत. मी किल्ल्याच्या बुरुजावर बसून हे वाचत होतो आणि मला तो डेमोचा दिवस दिसत होता. ज्या माणसाने १५० स्वारांपासून सुरुवात करून प्रत्येकाला त्याच्या कुवतीचं काम दिलं, गुलाम म्हणून आलेल्याला वर जायचा जिना असतो हे जो स्वतः जगला, त्याच्याच हातून सगळ्यात मोठ्या विजयानंतर सगळ्यात चांगला माणूस सुटला. हरताना माणसं गेली होती ती त्याने परत मिळवली. जिंकल्यावर गेली ती त्याच्या हयातीत आली नाहीत.

१६२६ च्या मे महिन्यात अंबर वारला, ऐंशीच्या आसपासचा होऊन. खुलताबादला त्याची कबर आहे. जहांगीरच्या दरबारातल्या इतिहासलेखकाने, म्हणजे शत्रूच्या माणसाने, त्याच्या युद्धकौशल्याची आणि कारभाराची तोंड भरून स्तुती लिहून ठेवली. जहांगीरने स्वतः मात्र आपल्या आठवणींत त्याला शिव्यांशिवाय कधी काही दिलं नव्हतं.

आमच्या क्षेत्रात एक शब्द आहे, सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर. म्हणजे सगळी सिस्टीम एकाच सर्व्हरवर उभी, तो गेला की सगळं गेलं. निजामशाहीचं तेच झालं. अंबरचा मुलगा फतेह खान याला बापाचं काही जमलं नाही. त्याने निजामशहाला मारलं आणि १६३३ ला दौलताबाद मोगलांच्या हवाली केलं. आणि मग निजामशाही वाचवायला शेवटी कोण उभं राहिलं? शहाजीराजे. मधल्या काळात ते परत आले होते, पुन्हा गेले होते. त्यांनी पेमगिरीच्या किल्ल्यावर राजघराण्यातल्या एका लहान मुलाला गादीवर बसवलं आणि त्याच्या नावाने तीन वर्षं राज्य चालवलं. वारस शोधा, किल्ल्यात बसवा, डोंगरांच्या आधाराने लढा. ही युक्ती त्यांनी कुणाची बघितली होती ते सांगायला नको. १६३६ ला माहुलीला त्यांनाही हत्यार ठेवावं लागलं.

त्याच १६३६ साली मोगल आणि विजापूरकरांचा तह झाला, निजामशाहीचा मुलूख वाटला गेला, पण दोन किल्ल्यांच्या किल्लेदारांनी दरवाजे उघडले नाहीत. एक उदगीर, दुसरा औसा. खानदौरान हा मोगल सरदार चालून आला. आधी उदगीर पडलं, मग औसा. राजा नाही, राजधानी नाही, पगार देणारं कुणी नाही, अंबरला जाऊन दहा वर्षं झालेली, आणि आमच्या गावच्या तटावर कुणीतरी अजून पहारा देत होतं. त्यातल्या साध्या शिपायांची नावं कुणी लिहिली नाहीत.

पुण्याला परत आल्यावर मी क्लायंटला मेल लिहिला. तो दोष कुणी शोधला, कसा शोधला, किती रात्री घालवल्या, सगळं नावानिशी. तीन महिने उशिरा. त्याची एक प्रत देगलूरच्या पोराला पाठवली. दोन दिवस काही आलं नाही. तिसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर त्याचा मेसेज आला. मेलबद्दल त्यात काही नव्हतं. त्याने एवढंच लिहिलं होतं की दादा, टेस्टिंगला आणलेला एक फोन अजून माझ्या जुन्या ड्रॉवरमध्ये राहिलाय, काच फुटलेला, तो कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशींचा आहे, तेवढा परत द्या.